टोपीकरांच्या मागावर

सोमवार, लंडन

कॅप्टन फ्रेड बर्नबी सोफ्यावर रेलून सिगारेट ओढतो आहे. काळ्या विजारीवरचा लाल पट्टा कमरेपासून निघतो आणि संपता संपत नाही. एवढा लांब पाय मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेला नाही. मागे भिंतीवर नकाशा, बाजूला चिलखत. जेम्स तिसो या फ्रेंच चित्रकाराने 1870 साली रंगवलेलं हे तैलचित्र नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. पुस्तकांत पाहून ते भिंतभर असेल असं वाटतं, प्रत्यक्षात जेमतेम ड्रॉइंग बोर्डाएवढं. बर्नबी स्वतः मात्र सहा फूट चार इंच. दोन्ही बगलांत एकेक तट्टू मारून तो जिना उतरला होता, अशी कथा सांगतात. बर्फातून घोड्यावर मध्य आशियातल्या खीवापर्यंत जाऊन आला, 1882 मध्ये बलूनमधून एकट्याने इंग्लिश खाडी ओलांडली, आणि 1885 मध्ये सुदानात अबू क्लीच्या लढाईत भाला लागून मेला. वय बेचाळीस.

सफरीची सुरुवात याच्यापासून करण्याचं कारण पैशाचं आहे. टॉमस गिब्सन बोल्स या तरुणाने 1868 च्या नोव्हेंबरात ‘व्हॅनिटी फेअर’ नावाचं साप्ताहिक काढलं, तेव्हा भांडवलात बर्नबीचाही हात होता. बोल्सच्याच सांगण्यावरून तिसोने हे चित्र केलं. सुरुवातीचे अंक धडपणे खपेनात. मग 30 जानेवारी 1869 च्या अंकात राजकारणी डिझरायलीचं रंगीत अर्कचित्र आलं, पुढच्या आठवड्यात त्याचा प्रतिस्पर्धी ग्लॅडस्टनचं, आणि लोक अंकासाठी रांगा लावू लागले. तिथून 1914 मध्ये साप्ताहिक मिटेपर्यंत दर आठवड्याला एक माणूस असा हिशेब चालू राहिला. दोन हजारांवर चित्रं झाली. पंतप्रधान, न्यायाधीश, बिशप, आणि मी ज्यांच्यासाठी इतक्या लांब आले ते खेळ-शिकारीतले बडे लोक. ही छापील पानं आपल्याकडे जुन्या क्लबांच्या बारमध्ये आणि वकिलांच्या ऑफिसांत अजून टांगलेली दिसतात. बहुतेकांना ती ‘साहेबाची जुनी चित्रं’ एवढीच माहीत असतात.

मूळ जलरंगातली बरीच चित्रं याच गॅलरीच्या संग्रहात आहेत. भिंतीवर थोडी, बाकीची पेट्यांत. आधी वेळ मागून ठेवली होती म्हणून दुपारी काही जवळून पाहायला मिळाली. बाईंनी एकेक तक्ता टेबलावर ठेवायचा, आपण हात मांडीवर ठेवून बघायचं. मी चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलं, तेव्हा नवऱ्याच्या ‘हे कोण, ते कोण’ या प्रश्नांपेक्षा मला रेषाच दिसत होत्या.

पहिला चित्रकार कार्लो पेलेग्रिनी, मूळचा नेपल्सजवळच्या कापुआचा, 1864 मध्ये लंडनला आलेला. सही आधी ‘सिंज’, मग ‘एप’. दोन्हींचा अर्थ माकडच. त्याची युक्ती साधी वाटते आणि करायला घ्यावी तर अवघड आहे. डोकं किंचित मोठं, अंग खाली निमुळतं होत गेलेलं, पाय जवळजवळ बाहुलीचे. मागे काही नाही. ना खोली, ना झाड, ना मैदान. पायाशी सावलीचा एक फराटा. सगळा माणूस त्याच्या उभं राहण्यात सापडतो: खांदा कुठे पडला आहे, पोट कसं पुढे आलं आहे, हात खिशात किती खोल गेला आहे. मुलांना मी सांगत असे, नाक वाढवलं की अर्कचित्र होत नाही. एपने नाक वाढवलेलं मला त्या दुपारी एकदाही दिसलं नाही.

छपाई व्हिन्सेंट ब्रूक्स, डे अँड सन यांच्याकडे व्हायची, शिळाछापावर. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, दगडावर तेलकट खडूने चित्र उतरवायचं, पाणी फिरवायचं, तेलकट शाई खडूच्या जागीच धरते. जितके रंग तितक्या वेळा कागद यंत्राखालून जाणार, आणि दर वेळी जागचा हलता कामा नये. आपल्याकडे पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला 1878 मध्ये, राजा रविवर्म्याचा 1894 मध्ये घाटकोपरला आणि तिथून पुढे मळवलीला. आपल्या आज्यांच्या देवघरांतली लक्ष्मी-सरस्वती याच तंत्रातून आली. तिकडे त्या दगडांवर ड्यूक आणि जॉकी चढत होते.

संध्याकाळी चॅरिंग क्रॉस रोडलगतच्या सेसिल कोर्टात गेलो. अरुंद गल्ली, दोन्हीकडे जुनी पुस्तकं, नकाशे, छापचित्रं. खोक्यांत विषयवार विभागणी केलेली असते. वकील आणि न्यायाधीश महाग, कारण वकील विकत घेतात. क्रिकेट, गोल्फ त्याहून महाग. बिशप आणि खासदार मात्र कोणी विचारत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांत सत्तेचा भाव कसा उतरला ते पाहायचं असेल तर या खोक्यांइतकी सोय दुसरीकडे नाही.

मंगळवार, लॉर्ड्‌स

आज नवऱ्याचा दिवस. तो सकाळी सहालाच इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

लॉर्ड्‌सची सहल वाटाड्याबरोबर करावी लागते. लाँग रूममध्ये आवाज आपोआप खाली येतो, लोकांचा. आमच्यातल्या एका गृहस्थांचा आला नाही. संग्रहालयात ॲशेसचं ते इवलंसं रक्षापात्र आहे, आणि 1936 मध्ये जहांगीर खानच्या चेंडूने मेलेली चिमणी पेंढा भरून ठेवली आहे. नवरा पात्रापाशी खिळला, मी चिमणीपाशी. इथे बायकांना क्लबाचं सभासदत्व 1998 पर्यंत नव्हतं, हे वाटाड्याने न विचारता सांगितलं, तेवढी सभ्यता आता आली आहे.

व्हॅनिटी फेअरचं क्रिकेट 9 जून 1877 ला सुरू झालं म्हणायला हरकत नाही: डब्ल्यू. जी. ग्रेस, खाली मथळा नुसता ‘क्रिकेट’. काढणारा ‘स्पाय’, म्हणजे लेस्ली वॉर्ड. ईटनमध्ये शिकलेला, आई-वडील दोघंही चित्रकार. टोपणनाव हवं म्हणून बोल्सने पुढे केलेला शब्दकोश त्याने उघडला आणि ज्या शब्दावर बोट पडलं तो घेतला. 1873 पासून तो या साप्ताहिकात होता आणि पुढे इतकी चित्रं काढली की ‘स्पाय’ हेच या प्रकाराचं नाव होऊन बसलं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा स्पॉफर्थ, 1892 मध्ये लॉर्ड हॉक, 1897 च्या ऑगस्टमध्ये ‘रणजी’, 1904 मध्ये ‘आयव्हो’, म्हणजे ज्याच्यामुळे ते रक्षापात्र इथे आलं तो आयव्हो ब्लाय.

आणि 16 जुलै 1881 ला लॉर्ड हॅरिस, मथळा ‘केंट’.

हॅरिसच्या नावापाशी मी थबकले, कारण हा माणूस आपला आहे. म्हणजे आपल्या मानगुटीवर बसलेला. त्रिनिदादमध्ये जन्म, वडील मद्रासचे गव्हर्नर, स्वतः इंग्लंडचा कप्तान, आणि 1890 ते 1895 मुंबईचा गव्हर्नर. मुंबईच्या समुद्राकाठी पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना ओळीने जागा मिळाल्या त्या याच सुमाराच्या. 1893 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा साहेब पुण्यात गणेशखिंडीला होते. आज जिथे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, तिथेच. क्रिकेट चालू होतं. मुंबईत ते उशिरा पोहोचले, तेही मुख्यतः सामन्यासाठी, ही टीका तेव्हापासून त्यांना चिकटली. पण नावाचं नशीब बघा. शालेय क्रिकेटच्या हॅरिस शिल्डमुळे ते मुंबईच्या घराघरांत गेलं. 1988 मध्ये तेंडुलकर-कांबळीने 664 धावांची भागीदारी केली ती याच स्पर्धेत. दादर-माटुंग्याच्या किती आयांनी ‘हॅरिस’ म्हणत डबे भरले असतील. त्यांतल्या कितींना गव्हर्नर आठवत असेल?

लॉर्ड्‌सवर त्याच्या नावाची बाग आहे, पॅव्हेलियनच्या मागे. नवऱ्याने तिथे बसून सँडविच खाल्लं.

मला दिवसभर छळत राहिलं ते दुसरंच. खेळाडूंच्या या सगळ्या मांदियाळीत पैसे घेऊन खेळणारे किती? बॉबी एबल, टॉम हेवर्ड, हॉब्ज... शोधून शोधून अशी थोडी नावं. बाकी सगळे ‘जंटलमन’, म्हणजे हौशी. इंग्लिश क्रिकेटने जंटलमन आणि (पगारी) प्लेअर हा भेद 1962 च्या मोसमापर्यंत पाळला. दोघांचे दरवाजे वेगळे, धावफलकाच्या कागदावर नाव छापायची पद्धत वेगळी. आपल्याला हे सगळं फार ओळखीचं वाटतं. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इथे आला, त्यात पळवणकर बाळू होते. पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखणारे, तिथल्या ग्रेग नावाच्या फलंदाज साहेबाला तासन्‌तास चेंडू टाकून तयार झालेले, आपल्याच संघातल्या सवर्णांपासून वेगळ्या कपात चहा प्यायलेले. त्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. साप्ताहिक तेव्हा चालू होतं, आणि खेळाडू छापतही होतं. बाळूंचं चित्र त्यात नाही. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा हात सुटताना खांदा कसा वळतो, मनगट कुठे असतं, हे एपसारख्याने काय काढलं असतं!

बुधवार, सेंट जेम्स

पाऊस. क्लबांचा मोहल्ला पायी फिरलो. व्हाइट्‌स क्लबाची ती प्रसिद्ध बाहेर आलेली कमानदार खिडकी, समोरच्या बाजूला ब्रूक्स क्लब. कुठल्याच दारावर पाटी नाही. ज्याला आत यायचं आहे त्याला पत्ता माहीत असतो.

या रस्त्यावर एपची आणि स्पायची तुलना आपोआप होते. पेलेग्रिनी परका होता, बोलण्यात इटालियन हेल, कपड्यांत अति टापटीप, युवराजाच्या वर्तुळात वावरणारा पण त्यातला नव्हे. 1889 मध्ये तो गेला. फ्रेंच चित्रकार देगाने काढलेलं त्याचं छोटं चित्र टेट गॅलरीकडे आहे. लेस्ली वॉर्ड मात्र घरचा. कोर्टात, चर्चमध्ये, सभागृहाच्या सज्ज्यात जाऊन ‘सावज’ डोळ्यांत साठवायचं आणि घरी येऊन काढायचं, ही त्याची सुरुवातीची रीत. 1873 मध्ये त्याने काढलेल्या चित्राने अँथनी ट्रोलप हा कादंबरीकार असा भडकला की बोलायची सोय राहिली नाही. ट्रोलप पोस्टातली नोकरी सांभाळून कोल्ह्याच्या शिकारीला जाणारा, म्हणजे याच जगाच्या उंबऱ्यावरचा.

पुढे मोठी माणसं आपण होऊन स्टुडिओत येऊन बसू लागली. व्हॅनिटी फेअरमध्ये येणं ही बदनामी नसून पावती आहे, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. मग चित्रांतली डोकी हळूहळू आपापल्या मापाची झाली, पोटं आवरली गेली. 1918 मध्ये वॉर्डला ‘सर’ हा किताब मिळाला. मला त्याचा राग नाही, पण दोन तक्ते शेजारी ठेवले की फरक लपत नाही: एपची माणसं आपण पाहतोय हे न कळता उभी आहेत, उत्तरकाळातल्या स्पायची माणसं फोटोसाठी.

एक अपवाद नोंदवते. 10 नोव्हेंबर 1877, मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी, मथळा ‘चांगला हलका गडी’. मुष्टियुद्धाच्या नियमांना ज्याचं नाव आहे तोच. नियम लिहिले जॉन ग्रॅहॅम चेंबर्सने, मार्क्विसने फक्त नाव दिलं. स्वतः घोड्यावर शर्यती करायचा, म्हणून हलका. याच माणसाने फेब्रुवारी 1895 मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डसाठी त्याच्या क्लबात एक कार्ड ठेवलं, समलिंगी संबंधांचा ठपका ठेवणारं, मोजक्याच शब्दांचं, त्यातही स्पेलिंग चुकलेलं, आणि वाइल्डचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. वाइल्डही 1884 मध्ये एपच्या हातून सुटला नव्हता. दोघं एकाच साप्ताहिकाच्या बांधणीत आहेत. मालकाला कसली खंत? दोन्ही अंक खपले.

संध्याकाळी मोजे वाळवले.

गुरुवार, न्यूमार्केट

केंब्रिजला गाडी बदलून न्यूमार्केट. स्टेशनच्या बाहेर पडल्यापासून गाव घोड्यांचं आहे हे कळतं. रस्ता ओलांडायची बटणं दोन उंचीवर, एक पायी माणसासाठी, एक घोडेस्वाराच्या हाताला येईल असं. सकाळच्या सरावाच्या शेवटच्या रांगा परतत होत्या, पाठीवर वाफ. गावात तीन हजारांच्या आसपास शर्यतीचे घोडे आहेत म्हणतात.

राष्ट्रीय अश्वशर्यत संग्रहालय 2016 पासून पॅलेस हाउसमध्ये आहे, दुसऱ्या चार्ल्स राजाच्या वाड्याच्या उरलेल्या भागात. इथे मात्र सरदारांपेक्षा नोकराने मला धरून ठेवलं. फ्रेड आर्चर, स्पायने 28 मे 1881 ला काढलेला, ‘आवडता जॉकी’. तेरा वर्षं सलग अव्वल, 8084 शर्यतींत 2748 विजय, डर्बी पाच वेळा. उंची पाच फूट दहा इंच, जॉकीला शाप असलेली. वजन खाली ठेवायला उपास, वाफेची स्नानं आणि जुलाबाचं एक खास मिश्रण, ज्याला त्याचंच नाव पडलं होतं. बायको बाळंतपणानंतर गेली. दोन वर्षांनी, ताप डोक्यात चढलेला असताना, 8 नोव्हेंबर 1886 ला त्याने स्वतःला गोळी घातली. एकोणतीस वर्षांचा होता. ते पिस्तूल या संग्रहात आहे.

जॉकींच्या चित्रांत एक गोष्ट असते, जी क्रिकेटवाल्यांत नसते. अंगावरचा रेशमी सदरा स्वतःचा नसतो, रंग मालकाचे. लॉर्डचं चित्र काढलं की त्याची टोपी, त्याचा कोट, त्याची छडी, सगळं त्याचं. जॉकीचं काढलं की माणूस एक आणि रंग दुसऱ्याचे. व्हॅनिटी फेअरने क्रिकेटमधल्या पगारी लोकांना जवळजवळ दाराबाहेर ठेवलं, जॉकींना मात्र मुक्त प्रवेश, हे कोडं मला तोवर सुटत नव्हतं. बहुधा याचसाठी: जॉकी छापला तरी पान मालकाचंच राहतं. जॉकीवर पैसे लावणारे वाचक होते, हे कारण नवऱ्याने सुचवलं. तेही खरं असेल.

‘लिब’ म्हणजे लिबेरिओ प्रोस्पेरी, या तिसऱ्या चित्रकाराचं दोन पानी ‘न्यूमार्केट, 1885’ घोडे पाळणाऱ्यांची जत्राच आहे. युवराज, ड्यूक, त्यांचे सल्लागार, सगळे. मी बराच वेळ त्यात घोडे मोजत होते. माणसं फारच जास्त आहेत.

मुक्काम केंब्रिज. जेवणाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

शुक्रवार, एल्व्हडन

नॉर्विचच्या गाडीने थेटफर्ड. नदीतल्या छोट्या बेटावर शिखांचे शेवटचे महाराजा दुलीपसिंगांचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा आहे, 1999 मध्ये तेव्हाच्या प्रिन्स चार्ल्सने अनावरण केलेला. पुतळ्यातले दुलीपसिंग लढवय्ये दिसतात. स्पायने 18 नोव्हेंबर 1882 च्या अंकात काढलेले दुलीपसिंग तसे नाहीत. स्थूल, टक्कल पडलेले, युरोपियन पोशाखातले गृहस्थ. फेटा नाही. नाव झाकलं तर नॉरफोकचा कोणी जमीनदार म्हणून खपून जातील.

खपून जावेत अशीच व्यवस्था होती. दहा वर्षांचे असताना लाहोरचं राज्य आणि कोहिनूर गेला, पुढे ख्रिस्ती केलं, 1854 मध्ये इंग्लंडला आणलं, 1863 मध्ये एल्व्हडनची इस्टेट. तिथे ते इंग्लंडातल्या सर्वोत्तम नेमबाजांत गणले जाऊ लागले. 1876 मध्ये एका दिवसात हजार काडतुसांत 780 तितर, अशी नोंद आहे. म्हणजे हाकारे, बंदुका भरून देणारे नोकर, तितर उठवणारी पोरं, मेलेले पक्षी मोजणारा कारकून. एक माणूस दिवसभर फक्त खांद्याला बंदूक लावतो आणि काढतो. राज्य गेलेल्या राजाला करायला उरतं ते हेच का, हा प्रश्न मला तिथे पडला आणि मी तो टाळू शकले नाही. चित्र छापलं गेलं त्या वर्षी ते सरकारशी आपल्या हक्कांसाठी भांडत होते. 1886 मध्ये हिंदुस्थानाकडे निघाले, एडनला अडवले गेले, तिथेच पुन्हा शीख झाले.

थेटफर्डहून टॅक्सी केली. चालक पोलिश, दुलीपसिंग त्याला ठाऊक. ‘बर्मिंगहॅमहून बसभर सरदारजी येतात,’ म्हणाला. एल्व्हडन हॉल बंद असतो. आतलं संगमरवरी मुघल थाटाचं काम फोटोतच पाहायचं. महाराजांनंतर इस्टेट 1894 मध्ये बिअरवाल्या गिनेस घराण्याकडे गेली. चर्च उघडं होतं. अंगणात तीन साध्या कबरी: महाराजा, महाराणी बांबा आणि मुलगा एडवर्ड. कोणीतरी ताज्या फुलांचा हार आणि नारिंगी कापड ठेवलं होतं.

इथे नाशिक आठवणं अपरिहार्य आहे. महाराणी जिंदकौर, दुलीपसिंगांची आई, 1863 मध्ये लंडनला वारली. पंजाबात अंत्यसंस्काराची परवानगी सरकारने दिली नाही. मुलगा पुढच्या वर्षी पार्थिव घेऊन मुंबईला उतरला आणि गोदावरीकाठी नाशिकला दहन झालं. तिथे समाधी बांधली. अस्थी 1924 मध्ये नातीने लाहोरला नेल्या. त्या दहनानंतर परतीच्या वाटेवर इजिप्तमध्ये दुलीपसिंगांनी बांबाशी लग्न केलं, आणि एल्व्हडनला येऊन बंदूक हाती घेतली. पंचवटीत शिकलेली माझी एक मैत्रीण आहे. तिला फोन केला, तिने यातलं काही ऐकलं नव्हतं.

थेटफर्डच्या एन्शंट हाउस संग्रहालयात परतताना अर्धा तास मिळाला. जुन्या लाकडी चौकटीचं हे घर दुलीपसिंगांचा मुलगा फ्रेडरिक याने विकत घेऊन गावाला दिलं. तिथल्या बाईंनी आम्ही कुठले हे विचारून एकदम पंजाबीत नमस्कार केला. दुरुस्ती न करता आम्हीही ‘सत श्री अकाल’ म्हणालो.

शनिवार, बॅडमिंटन

भाची हॅरोला राहते. भाचजावई गाडी काढायला तयार झाले, एवढंच म्हणाले, ‘मावशी, तिथे आत सोडत नाहीत, तुम्हाला माहीत आहे ना?’ माहीत होतं. एम-फोर महामार्गाने पश्चिमेला, अठरा क्रमांकाच्या फाट्याला बाहेर, मग हिरव्या कुंपणांच्या अरुंद वाटा.

आठवे ड्यूक ऑफ बोफर्ट, व्हॅनिटी फेअरचा मथळा ‘खेळांचा ड्यूक’. घर बॅडमिंटन हाउस, ग्लॉस्टरशायर. शिकारी कुत्र्यांचा ताफा यांचा, 1885 पासून निघालेल्या खेळांवरच्या ग्रंथमालेचे संपादक हेच. त्यांच्या घराचं नाव शटलकॉकच्या खेळाला पडलं. पुण्याच्या माणसाला इथे येऊन गप्प बसवत नाही, कारण या खेळाचे नियम 1870 च्या दशकात लष्करी अधिकाऱ्यांनी पुण्याच्या छावणीत बसवले आणि काही काळ खेळाला ‘पूना’ असंही म्हणत. अधिकारी रजेवर आले, नियम बरोबर आले, नाव मात्र ड्यूकच्या घराचं टिकलं. सुरुवातीचं मैदान मध्यभागी जाळीपाशी अरुंद असायचं, डमरूसारखं. दारं आत उघडणाऱ्या दिवाणखान्यात खेळल्यामुळे, अशी एक कथा सांगतात. 1901 मध्ये ते सरळ चौकोनी केलं.

गाव चिमुकलं, पिवळसर दगडाच्या घरांचं. गेटपाशी ‘खाजगी’ पाटी. भाचीने पोराला कडेवर घेऊन पाटीसमोर फोटो काढून घेतला. भिंतीपलीकडे कुत्री भुंकत होती. कोल्ह्याच्या शिकारीवर 2005 पासून बंदी आहे, ताफा मात्र आहे, निळे-पिवळे कोटही आहेत. त्यावर इथल्या लोकांशी बोलायचा विचार केला होता, पण समोर भेटले ते सगळे कुत्री फिरवायला निघालेले शहरातले पाहुणे.

पलीकडे मोठं मोकळं रान. 1949 पासून इथे घोड्यांच्या कसोटीची वार्षिक स्पर्धा होते. आज फक्त मेंढ्या. नवऱ्याला वाटलं होतं निदान एखादं बॅडमिंटन कोर्ट असेल, गावाच्या नावाला जागून. विचारलं तर एका आजोबांनी सांगितलं, सभागृह आहे गावाचं, मंगळवारी चालतं बहुतेक, खात्री नाही.

परतताना गाडीत ड्यूकच्या ग्रंथमालेची यादी फोनवर काढली. पहिलाच खंड शिकारीचा, ड्यूकने मोब्रे मॉरिसच्या साथीने लिहिलेला. मग मासेमारी, शर्यती, सायकलिंग, क्रिकेट, बोटी, मुष्टियुद्ध, गोल्फ, बिल्यर्ड्‌स, नृत्य. मालेचं नाव ‘बॅडमिंटन लायब्ररी’. बॅडमिंटनवर स्वतंत्र खंड नाही. भाचजावयांना हे इतकं आवडलं की त्यांनी पुढचा फाटा चुकवला आणि आम्ही बाथमार्गे आलो.